लाइटबिल

माझ्या नावाचं लाइटबिल येतं
महिन्याला दोनशे ऐंशीचं.
एक पंखा, दोन बल्ब,
टीव्ही आहे, पण तो बंदच.
त्या बिलावर आता चार ड्रायव्हर राहतात.

पहिला आला तो बसलिंग हत्तरकी,
अक्कलकोटच्या पुढचा, तोळणूरचा.
दारात चपला काढून म्हणाला,
मावशी, खोली नको. पत्ता पाहिजे.

मी विड्यांचं सूप मांडीवरनं खाली ठेवलं.
या घरकुलात आल्यापासनं
लोक साखर मागायला आले, हातउसने मागायला आले,
मत मागायला तर येतातच.
पत्ता मागायला कुणी आलं नव्हतं.

एमआयडीसीत म्हणे एका ट्रान्सपोर्टच्या गेटावर
कागद चिकटवलाय:
चालक पाहिजेत.
दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनीच भेटावे.

का, तर रात्री दोनला गाडी भरली
की अडीचला माणूस स्टेअरिंगवर पाहिजे.
लांबचा माणूस सणाला गेला की तिकडंच रमतो.
लांबच्यानं डिझेल विकलं
तर कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं?

मी विचारलं, गाडी येते का नीट?

गुवाहाटी केलीय मावशी, तीन वेळा.
काश्मीरला चाकांना साखळ्या बांधून चढलोय.
बंगालच्या बॉर्डरवर नऊ दिवस
कांद्याच्या गाडीखाली झोपलोय, गाडी सोडली नाही.
मॅनेजर म्हणाला, ते सगळं बरोबर आहे,
पण तोळणूर लांब पडतं.

मला हसू आलं.
तो हसत नव्हता, मग मी पानं कातरायला घेतली.

आमचे हे मिलमध्ये होते, साच्यावर.
भोंगा ऐकू येईल तिथवरच तेव्हा माणसं राहायची,
भोंगा झाला की हे तोंडात घास घेऊनच पळायचे.
पुढं मिल गेली, भोंगा गेला,
आम्ही जवळच राहिलो.
कशाच्या जवळ, ते विचारू नका.

दिलं बिल. झेरॉक्सचे पैसे त्यानंच दिले,
वर कडक भाकरीची चवड आणि शेंगाचटणी.
त्याच्या मागनं त्याच्या ओळखीचे तिघं.

एकदा कंपनीचा पोरगा आला चौकशीला.
म्हणलं, भाचा आहे माझा.
तुम्ही येमूल, तो हत्तरकी, कसा काय?
म्हणलं, बहीण पळून गेली होती लिंगायताबरोबर.
(मला बहीण नाही. चार भाऊ, चौघंही भिवंडीला.)
पोरगा खाली बघून लिहीत होता.
चहा देताना विचारलं, बाळ, तू कुठला?
बार्शीचा. रोज येऊन-जाऊन.
मग तुला कसं चालतं रे?
तो म्हणाला, आम्ही ऑफिसात आहोत, मावशी.

खोटं किती दिवस टिकणार?
दोनचा फोन आला की अडीचला तोळणूरहून कोण येतंय?
शेवटी बसलिंग खराच राहायला आला,
मोरीशेजारी चटई टाकून,
फोन उशाला नाही, छातीवर ठेवून.
बाकीचे पण येतात, आळीपाळीनं.
फोन वाजला की चौघंही उठून बसतात,
कुणाचा ते मग बघतात.

पत्ता खरा झाला.
तोळणूरला जाऊन त्याला सात आठवडे झाले.

त्याची पोरगी माझ्या फोनवर करते,
त्याचा सारखा बिझी लागतो म्हणून.
निम्मं कानडी, निम्मं मराठी:
अप्पा यल्ली? लांब गेलेत का?

गाडी घेऊन तो तेव्हा नागपूरच्याही पुढं असतो.
मी सांगते, नाही गं, इथंच,
आणि ती गप बसते.
इथंच म्हणजे तिला काय कळतं कोण जाणे.

या महिन्याचं बिल आलंय, तीनशे साठ.
चार फोन रात्रभर चार्जिंगला असतात.